हुशार मूल, अडखळतं वाचन: शाळा निवडण्याआधी मोजमाप समजून घेऊ

समजा, डोंबिवलीत राहणारी चौथीतली एक मुलगी आहे. दिवा ते कल्याण कुठल्या ट्रॅकवरून फास्ट जाते, कुठल्यावरून स्लो, मेल-एक्स्प्रेस मागून आली की आपली लोकल का खोळंबते, हे ती तुम्हाला कागदावर आकृती काढून समजावेल. तीन अंकी गुणाकार तोंडी करेल. पण पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला दिला की दुसऱ्या ओळीतच अडकेल, जोडाक्षर आलं की अंदाज ठोकेल, आणि चाचणीच्या पेपरात शेवटचे चार प्रश्न कोरे सोडून येईल. बाई म्हणतात, "हुशार आहे हो, पण लक्षच देत नाही." घरात मतं तीन. आजी म्हणते आहे त्या मराठी शाळेत राहू दे. काका म्हणतो ठाण्याला घोडबंदर रोडवर मोठ्या बोर्डाची शाळा बघा. शेजारचे सुचवतात की सरळ ओपन स्कूलला टाका, भाषांची कटकट नको.

मुलगी काल्पनिक आहे, प्रश्न नाही. पेट किंवा नेट-सेटचा अभ्यास करणाऱ्या, संशोधनात येऊ बघणाऱ्या तुमच्यासारख्यांना मी तो मुद्दाम देतोय. कारण 'शाळा कुठली?' या प्रश्नाच्या पोटात मोजमापाचे निदान चार प्रश्न दडलेले आहेत, आणि त्यातला एक जरी चुकला तरी एका मुलीची पाच-सहा वर्षं चुकीच्या दिशेने जातात. आपल्या थिसिसमध्ये चूक झाली तर फारतर परीक्षक झापतात.

आधी थोडा इतिहास. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा चुणचुणीत, हिशोबात चांगला, पण वाचन जवळजवळ नाही. शिकवणं आणि परीक्षा सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. म्हणजे डिस्लेक्सियाच्या अगदी सुरुवातीच्या नोंदीतलं मूलच 'हुशार, पण वाचता न येणारं' होतं. योगायोग असा की बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, महाराष्ट्राने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २१ प्रकारांत झाला आणि विषय सगळ्या देशाच्या कायद्यात आला.

आता पहिला प्रश्न: या मुलीला डिस्लेक्सिया आहे हे ठरवायचं कसं?

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या अध्ययन अक्षमता क्लिनिकमधून डॉ. सुनील करंदे आणि सहकाऱ्यांनी बरेच निबंध लिहिलेत. या विषयावर काम करणार असाल तर वाचनाची सुरुवात तिथून करा. त्यांच्या पद्धतीत निदानाचा एक निकष असा होता की मुलाची शैक्षणिक कामगिरी त्याच्या इयत्तेपेक्षा किंवा वयापेक्षा दोन वर्षांनी मागे असावी. निकष सुटसुटीत आहे आणि बहुतेक मुलांना लागूही पडतो. पण आपल्या मुलीचं काय होईल बघा. ती वाचत नाही, ती ताडते. चित्र बघते, संदर्भ पकडते, पुढचा शब्द काय असेल याचा तर्क लढवते. त्यामुळे तिचं वाचन दोन इयत्ता मागे न दिसता एकच इयत्ता मागे दिसतं. बुद्धी अक्षमतेला झाकते, आणि अक्षमता बुद्धीला. दोन्ही मिळून बनतं एक 'सर्वसाधारण' मूल, ज्याच्याकडे कुणी वळून बघत नाही. नेदरलँड्समध्ये व्हान व्हिएर्सन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रज्ञावान मुलांवर केलेल्या अभ्यासात हेच झाकलं जाणं तपासलं होतं.

मग तुम्ही म्हणाल, सोपं आहे: बुद्ध्यंक आणि वाचनाचा स्कोअर यातला फरक काढा, फरक मोठा असेल तर डिस्लेक्सिया. अनेक वर्षं असंच केलं जायचं. इथे जरा थांबू, कारण हा भाग प्रत्येक संशोधकाच्या हाताखालून जायला हवा.

दोन्ही स्कोअरची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरू. बुद्ध्यंक आणि वाचन यांचा सहसंबंध समजा ०.६ आहे (हा आकडा मी गणितासाठी घेतलाय). आता १३० बुद्ध्यंक असलेल्या मुलाकडून वाचनात किती अपेक्षा करायची? घाईत आपण १३० म्हणतो. पण सहसंबंध १ नसेल तर अपेक्षित स्कोअर सरासरीकडे सरकतो: १०० अधिक ०.६ गुणिले ३०, म्हणजे ११८. आणि त्या ११८ भोवतीचा पसरट भाग १२ गुणांचा. (१५ ला १ वजा ०.३६ च्या वर्गमुळाने गुणा, करून बघा.) म्हणजे १३० बुद्ध्यंक आणि वाचन १०० असं मूल अपेक्षेपेक्षा दीड विचलन खाली आहे. अशी किंवा याहून खाली वाचणारी मुलं त्या बुद्ध्यंकाच्या दर शंभरात साधारण सात निघतील, काहीही बिघाड नसताना, नुसत्या गणिताने. तेच वाचन ८५ असेल तर मूल पावणेतीन विचलन खाली, आणि अशी मुलं हजारात तीनच. पहिल्या मुलाला डिस्लेक्सियाचा शिक्का मारताना हात आखडता घ्यावा, दुसऱ्यासाठी लगेच धावावं. नुसती वजाबाकी करणाऱ्याला दोन्हीकडे 'मोठा फरक' एवढंच दिसतं.

याच मुद्द्यावर तज्ज्ञांत खरा वाद आहे. लव्हेट आणि स्पार्क्स यांनी 'प्रज्ञावान आणि अध्ययन अक्षम' म्हणून ओळखल्या गेलेल्या विद्यार्थ्यांवरचे अभ्यास एकत्र करून बघितले, आणि अशा अनेकांचं वाचन-लेखन सरासरीच्या आसपास असतं हे दाखवलं. त्यांचा रोख असा, की स्वतःच्या बुद्धीपेक्षा कमी पण वर्गाइतकं वाचणाऱ्याला अक्षम का म्हणायचं? दुसरी बाजू म्हणते, ते सरासरी वाचन किती कष्टाने येतं ते बघा. मला विचाराल तर दुसऱ्या बाजूचं म्हणणं तेव्हाच टिकतं जेव्हा अचूकतेबरोबर वेग मोजलेला असतो. मुलगी परिच्छेद बरोबर वाचते का, एवढ्यावर थांबायचं नाही. किती सेकंदांत वाचते, आणि निरर्थक शब्द, ज्यात ताडायला काही उरत नाही, ते वाचते का, हेही बघायचं. आणि डिस्लेक्सियाचं मूळ बुद्ध्यंकात शोधू नये, याला मेंदूच्या अभ्यासाचाही आधार आहे. तनाका आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की वाचताना दिसणारी मेंदूतली उणीव कमी आणि जास्त बुद्ध्यंकाच्या डिस्लेक्सिक मुलांत सारखीच असते.

दुसरा प्रश्न बुद्ध्यंकाचाच. आपल्याकडे क्लिनिकमध्ये आजही दोन नावं कानावर पडतात: बिने-कामत आणि मालिन. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला बसून मराठी आणि कन्नड मुलांसाठी बिने चाचणीचं रूपांतर केलं ते १९३० च्या दशकातलं काम. आर्थर मालिन यांनी नागपुरात वेक्सलरच्या चाचणीचं भारतीय रूप तयार केलं, ते १९६९ च्या सुमाराचं. दोन्ही कामं आपल्या मातीतली आणि आदराची. पण मानकं जुनी झाली की काय होतं, हे फ्लिन परिणाम सांगतो: कित्येक देशांत पिढीगणिक चाचणीचे गुण दशकाला सुमारे तीन या दराने वाढत गेले. तोच दर इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी दिशा लक्षात घ्या. आजचं मूल पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांशी ताडलं तर बुद्ध्यंक फुगलेला दिसतो, बुद्ध्यंक आणि वाचन यातला फरकही फुगतो, आणि 'प्रज्ञावान पण अक्षम' हा शिक्का स्वस्त होतो.

उलट दिशेची चूकही तेवढीच होते. समजा आपल्या मुलीचे गुण असे आले: भाषिक आकलन १३५, तर्क १३२, कार्यकारी स्मृती ९०, प्रक्रियेचा वेग ८८. साधी सरासरी १११. रिपोर्टमध्ये 'सर्वसाधारणपेक्षा किंचित वर' असं येईल आणि शाळा फाइल बंद करेल. तुम्ही रिपोर्ट वाचायला बसलात तर एकच मोठा आकडा बघून उठू नका, उपचाचण्यांचा उंचसखलपणा बघा.

आता भाषा आणि माध्यम. आपल्या पट्ट्यात पालकांचा सगळ्यात जास्त जीव याच प्रश्नात अडकतो. मराठी, सेमी-इंग्लिश की इंग्लिश?

१९९९ मध्ये वायडेल आणि बटरवर्थ यांनी जपानमध्ये वाढलेल्या एका मुलाचा अभ्यास छापला. घरी इंग्लिश, बाहेर जपानी. जपानी वाचनात तो वयाच्या मानाने पुढे, आणि इंग्लिश वाचनात डिस्लेक्सिक. एकच मेंदू आणि दोन लिप्या, पण निकाल वेगळे. २००१ मध्ये पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्लिश डिस्लेक्सिक विद्यार्थ्यांची तुलना केली. जसं लिहितात तसंच उच्चारतात अशा इटालियनमधले विद्यार्थी वाचनात बरे निघाले, पण मेंदूतल्या हालचालीची उणीव तिन्ही गटांत एकाच जागी होती. म्हणजे भाषा अक्षमता निर्माण करत नाही की घालवत नाही, ती किती उघडी पडेल ते ठरवते.

देवनागरी उच्चाराला बऱ्यापैकी प्रामाणिक आहे, म्हणून 'मराठी माध्यमात टाका, सुटेल' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. थोडं सबुरीने. सोनाली नाग यांनी कन्नड वाचनावर केलेल्या कामातून दिसतं की अक्षरांवर आधारलेल्या लिप्या शिकायला पहिल्या दोन इयत्ता पुरत नाहीत, ते काम पुढे बरंच चालत राहतं, कारण चिन्हांची संख्याच मोठी. मराठीतही बाराखडी, जोडाक्षरं, रफार, वर आणखी 'कि'मधली ती पहिली वेलांटी, जी लिहायची आधी आणि म्हणायची नंतर. त्यामुळे मराठीत डिस्लेक्सिया अनेकदा चुकीच्या वाचनातून दिसण्याऐवजी संथ वाचनातून आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या गोंधळातून दिसतो. शिक्षकाला तो आळस वाटतो. इंग्लिश माध्यमात तोच डिस्लेक्सिया स्पेलिंगमधून बोंबलत बाहेर येतो आणि निदान लवकर होऊ शकतं. मजेशीर आहे, पण खरं आहे: सोपी लिपी मुलाला मदत करते आणि त्याच्या अडचणीला लपवतेही.

म्हणून चाचणी ज्या भाषेत मूल शिकतंय त्या भाषेत व्हायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंह यांच्या गटाने 'डाली' नावाचा संच तयार केला, तो २०१५ मध्ये आला, आणि त्यात हिंदी, कन्नड, इंग्लिशबरोबर मराठीही आहे. मराठी माध्यमातल्या मुलीला फक्त इंग्लिश चाचणी देऊन निदान केलं असेल, तर तो रिपोर्ट तिच्या वाचनाइतकाच तिच्या इंग्लिशच्या सवयीबद्दल बोलतोय हे ओळखा. आणखी एक, केवळ डिस्लेक्सियावर उपाय म्हणून माध्यम बदलणं मला पटत नाही. मध्येच नवी लिपी हातात देणं म्हणजे जखमेवर उपचार म्हणून नवी पायवाट. बोर्ड बदललं की भाषा आपोआप कमी होतील असंही नाही, कारण २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्याच बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे.

सवलतींबद्दल सावध व्हायला हवं. १९९६ पासूनच्या सवलतींत जादा वेळ आहे, शुद्धलेखनाच्या चुका न मोजणं आहे, एक भाषा सोडून कार्यानुभवाचा विषय घेणं आहे, आणि बीजगणित-भूमिती सोडून सातवीच्या पातळीचं गणित घेणंही आहे. सवलत मिळतेय तर सगळी घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्या मुलीसाठी तो घातक आहे. तिचं बळच गणितात! वेळ आणि शुद्धलेखनाची सवलत तिच्या वाटेतला दगड उचलते, तर गणिताची सवलत विज्ञानाकडे जाणारी वाटच बंद करू शकते. ओपन स्कूलबद्दलही हेच. दहावीला पाच विषय, त्यात एक भाषा पुरते, ही मोठीच सोय. पण तिथे रोजचा वर्ग नाही, सोबत नाही, आणि विषय निवडताना गणित गाळण्याचा मोह शेजारीच उभा.

दुसऱ्या टोकाला प्रज्ञावानांसाठीच्या संधी. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६९ मध्ये प्रशाला काढली तेव्हापासून मराठी मुलखात हा विचार रुजलेला आहे. ठाणे-कल्याणच्या मुलांना जवळचे दरवाजे म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा आणि होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं. प्रत्येक प्रश्नाला ७२ सेकंद, त्यात प्रश्न वाचणं आलं. होमी भाभामध्ये प्रयोग आणि प्रकल्पाच्या फेऱ्या आहेत, जिथे आपली मुलगी चमकेल, पण त्या फेरीपर्यंत पोचायला आधी लेखी फेरी पार करावी लागते. मोजायची आहे प्रज्ञा, गाळणी आहे वाचनाच्या वेगाची. मोजमापशास्त्रात याला वैधतेचा प्रश्न म्हणतात.

मग कार्यक्रम कुठला चांगला, याचा पुरावा काय सांगतो? इथे तुमच्या संशोधक डोळ्याची परीक्षा आहे. शाळांत मुलं चिठ्ठ्या टाकून वाटता येत नाहीत. जे पालक डोंबिवलीहून ठाण्याला शाळा बदलतात त्यांच्याकडे पैसा, वेळ, माहिती जास्त असते. शिवाय शाळा बदलली जाते ती बहुधा सगळ्यात वाईट वर्षानंतर, आणि वाईट वर्षानंतर थोडं बरं वर्ष येतंच. वर पाहिलेलं सरासरीकडे परतणंच ते. 'शाळा बदलली आणि मूल बदललं' ही गोष्ट ऐकली की हे दोन्ही आठवा. बॉम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका शाळेतल्या दुहेरी विशेष मुलांवर लिहिलेला निबंध खूप उद्धृत होतो. उणिवेऐवजी आवडीपासून सुरुवात केली तर मुलं उभी राहतात, असा त्याचा सूर. वाचा, छान आहे, पण विद्यार्थी दहा आहेत हे विसरू नका.

उपचारात्मक वर्गांच्या जाहिरातींत ऑर्टन-गिलिंगहॅम हे नाव दिसतं. २०२१ मध्ये स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी त्यावरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा परिणाम चांगल्या दिशेने होता, पण सांख्यिकीदृष्ट्या ठोस नव्हता. याचा अर्थ 'उपयोग नाही' असा लावू नका. पद्धतशीर, थेट ध्वनी-अक्षर शिकवण्याला स्वतंत्र आधार भरपूर आहे. अर्थ एवढाच, की नावासाठी जादा फी भरायचं कारण नाही. रंगीत चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांना तर अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्येच पुराव्याअभावी नाकारलंय.

त्यामुळे माझं मत विचाराल तर बोर्डाचं नाव मी शेवटी विचारेन. आधी विचारेन: प्रमाणपत्र येईपर्यंत वाट न बघता वर्गात जादा वेळ देता का? तोंडी उत्तर चालतं का? वाचनाचा विशेष तास असतो तेव्हा मुलीला कुठल्या तासातून उठवता? 'गणित किंवा विज्ञानातून' असं उत्तर आलं तर ती शाळा नको. प्रवासाचं गणितही करा. डोंबिवलीहून घोडबंदरला लोकल आणि बस धरून एका बाजूचा तास सहज जातो, आणि संथ वाचणाऱ्या मुलीचं रोजचं वाचन त्याच दमलेल्या संध्याकाळी व्हायचं असतं. कागदपत्रांचं वेळापत्रक वेगळं: २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं, १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी, आणि १८ व्या वर्षीचं कायमचं. चौथीतल्या मुलीसाठी म्हणजे आत्ताच.

आता तुमच्यासाठी एक विषय, कुणी घेतला तर आनंदच. जादा वेळेवरच्या संशोधनात सिरेसी आणि सहकाऱ्यांचा २००५ चा आढावा वाचा. त्यातली मूळ कल्पना साधी आहे: सवलत योग्य असेल तर ती अक्षमता असलेल्यांना इतरांपेक्षा जास्त फायदा देईल, आणि सगळ्यांना सारखाच फायदा झाला तर दोष परीक्षेच्या वेळेतच आहे. हे मराठी माध्यमात तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. शिष्यवृत्तीच्या धर्तीवरचे समान काठिण्याचे दोन पेपर, एक ९० मिनिटांत आणि एक वेळेचं बंधन नसलेला, क्रम निम्म्या मुलांसाठी उलटा, आणि तिसरा गट तेच प्रश्न मोठ्याने वाचून दाखवलेला. सोबत मराठी वाचनाची वेगासकट चाचणी. कल्याण-डोंबिवलीतल्या चार-पाच शाळा, नैतिक समितीची मंजुरी, पालकांची लेखी संमती. परवानगीसाठी जूनमध्येच फिरायला लागा, दिवाळीनंतर शाळा सहलीत आणि स्नेहसंमेलनात बुडालेल्या असतात.